श्वास आणि रात्रपाळी



कामगार चळवळीतला माणूस तान्ह्या मुलांच्या श्वासावर काय बोलणार, अशी शंका आपणांस येणे साहजिक आहे. मी डॉक्टर नव्हे. वाचून शिकलेला माणूस आहे. परंतु यंत्र आणि ते सांभाळणारे हात हा माझा जुना विषय, आणि प्रश्न येथेही तोच आहे.

फुगा फुगवताना पहिली फुंक सर्वांत जड जाते. पुरे दिवस भरण्याआधी जन्मलेल्या कित्येक मुलांचा प्रत्येक श्वास तसाच जड असतो. फुप्फुसांतील कोश मिटू न देणारा पदार्थ त्यांच्यात अपुरा असतो, हे एव्हरी व मीड यांनी १९५९ साली दाखविले. घशात नळी घालून यंत्राने श्वास देता येतो. पण त्याने कोवळ्या फुप्फुसांना इजाही होते. म्हणून नळी टाळण्याच्या रीती निघाल्या.

पहिली रीत सतत दाबाची, म्हणजे ‘सीपॅप’. मूल स्वतःच श्वास घेते. नाकातल्या आखूड नळ्यांतून हवेचा सौम्य दाब कायम राहतो. तिच्या एका साध्या प्रकारात नळीचे दुसरे टोक पाण्यात पाच सेंटिमीटर बुडवितात. जितकी खोली, तितका दाब. बुडबुडे आले की काम चालू आहे असे समजावे. दुसऱ्या रीतीत या दाबावर अधूनमधून जादा झोत देतात. तिसऱ्या रीतीत बारीक नळ्यांतून ऊबदार, दमट हवा वेगाने सोडतात. हिने नाकाला जखमा कमी होतात.

मग तिसरीच का घेऊ नये? २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ५६४ मुलांवर पहिली व तिसरी यांची तुलना झाली. सतत दाब १०० पैकी सुमारे १३ मुलांना अपुरा पडला. वेगवान झोत सुमारे २५ जणांना. तरीही घशात नळी घालावी लागण्याच्या प्रमाणात ठळक फरक पडला नाही. कारण झोत अपुरा पडलेल्यांना सतत दाबावर घेता येत होते.

यातले मर्म ध्यानी घ्या. सौम्य उपाय चालतो, पण पाठीशी दुसरा उपाय हवा आणि वेळ ओळखणारे माणूस हवे. नळी निसटली की दाब गेला. ती घट्ट बसली की नाक सोलवटते. बुडबुडे थांबले, हे मध्यरात्री पाहणार कोण? परिचारिकाच.

यंत्राला देणगी देणाऱ्याचे नाव पाटीवर लागते. परिचारिकेच्या पगाराला पाटी नसते. आपल्या इस्पितळात नवे यंत्र आले, तर त्याची किंमत जरूर विचारा. पण रात्रपाळीला किती मुलांमागे एक परिचारिका आहे, हे त्याआधी विचारा.