पाटल्यांची मागणी आणि प्रणालीचे शास्त्र

रायपूरच्या सदर बाजारात सराफांच्या पेढ्या आहेत. लग्नसराईत एखादा वधूपिता पेढीवर येतो आणि 'पाटल्या करावयाच्या आहेत' एवढेच सांगतो. जाणता सराफ लगेच तराजू हाती घेत नाही. मनगटाचे माप काय, लग्नाची तिथी कोणती, सोने किती कसाचे, जुनी मोड द्यावयाची आहे काय, पाटल्या रोज वापरावयाच्या की सणावारी, हे तो आधी विचारून घेतो. मग घडाई, झिलई आणि कसाची तपासणी यांची साखळी सुरू होते. 1 एप्रिल 2023 पासून सहा अक्षर-अंकांच्या हॉलमार्क क्रमांकाचा नियम सक्तीचा झाल्यामुळे ही तिथी आता केवळ कारागिराच्या हाती उरलेली नाही. एक कडी अडली, की मुहूर्ताला वधूचा हात रिकामा!

प्रणाली अभियांत्रिकी, म्हणजेच सिस्टिम्स इंजिनियरिंग, नेमकी याच प्रश्नांपासून सुरू होते. वस्तू कोणासाठी व कशासाठी हवी हे प्रथम ठरवावयाचे, मग कामाचे भाग पाडावयाचे आणि भागांपेक्षाही त्यांच्या सांध्यांवर डोळा ठेवावयाचा. अखेरीस कसोट्या दोन: सांगितले तसे झाले काय, आणि जे सांगितले तेच हवे होते काय? वजनाला अचूक उतरलेली पाटली मनगटात शिरली नाही, तर पहिल्या कसोटीत उत्तीर्ण होऊनही ती दुसरीत नापासच.

याचे भव्य रूप रायपूरजवळच भिलाईला आहे. तेथील पहिली झोतभट्टी 4 फेब्रुवारी 1959 रोजी सुरू झाली. लोहखनिज दल्ली-राजहऱ्याचे, चुनखडी नंदिनीची, कोळसा रेल्वेने येणारा. यांतील एकाचा मेळ चुकला तर उरलेल्यांचे कौशल्य व्यर्थ. रायपुरातच 1956 साली खाणकाम व धातुशास्त्राचे महाविद्यालय निघाले. 2005 मध्ये ते राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्था झाले. सराफाच्या मुलाला अभियांत्रिकीची पहिली पदवी घरी राहूनच घेता येते.

पुढील पदवीसाठी मात्र बहुधा गाव सोडावे लागते. मुंबईच्या पवई येथील आय.आय.टी.त प्रणाली व नियंत्रण या विषयाचे एम.टेक. आहे. अभियांत्रिकीची चार वर्षांची पदवी प्रथम वर्गात किंवा 60 टक्के गुणांनी (राखीव प्रवर्गांस सवलत असते) आणि गेट परीक्षेतील चांगले गुणांकन ही तेथील सर्वसाधारण अट. गेट तीन तासांची, 100 गुणांची. तिचे गुणांकन तीन वर्षे ग्राह्य असते. अभ्यासक्रम दोन वर्षांचा असून त्यात पाठ्यविषयांबरोबर प्रबंधही पुरा करावा लागतो. गणित कच्चे असेल तर येथे निभाव लागणे कठीण. विशेषतः रेषीय बीजगणित आणि संभाव्यताशास्त्र. विद्युत शाखेच्या विद्यार्थ्याला यंत्राची भाषा आणि यंत्र शाखेच्या विद्यार्थ्याला संकेतांची भाषा समजून घ्यावी लागते. आपल्या शाखेचा अभिमान येथे थोडा बाजूला ठेवावा लागतो, आणि हे कोणत्याही माहितीपत्रकात लिहिलेले नसते.

'इतके शिकून हा शेवटी घडविणार काय?' असे पेढीवरचे वडील विचारतात. प्रश्न रास्त आहे, पण पाटल्या तरी सराफ स्वतः कोठे घडवितो? त्यांची खरी अडचण निराळी आहे. गेटचा अर्ज पावसाळा सरता सरता भरावा लागतो आणि परीक्षा येते फेब्रुवारीत; त्याच दिवसांत सदर बाजारात गिऱ्हाइकांची रीघ लागलेली असते आणि गल्ल्यावर घरचे माणूस हवे असते.