वाचोपचाराची वाट



चालता पेशा सोडून वाचोपचाराकडे वळावे काय, असे आम्हांला पुष्कळजण विचारतात. लायोनेल लोग हे ऑस्ट्रेलियातील वक्तृत्वशिक्षक. पहिल्या महायुद्धातून वाचादोष घेऊन परतलेल्या सैनिकांना त्यांनी बोलते केले. पुढे सहावे जॉर्ज म्हणून गादीवर आलेल्या राजपुत्रावर त्यांनी १९२६ पासून उपचार केले. त्यांच्यापाशी या विद्येची पदवी नव्हती.

आज तसे चालत नाही, आणि ते योग्यच आहे. अमेरिकेत इतर विषयाचा पदवीधर आधी ध्वनिशास्त्र, श्रवणशास्त्र, भाषाविकास हे पायाचे विषय पुरे करतो आणि मग पदव्युत्तर वर्गात प्रवेश मागतो. प्रमाणपत्रासाठी ४०० तासांचा अनुभव लागतो. त्यांतले २५ तास नुसते पाहण्याचे. आपल्याकडे पदव्युत्तर वर्गाला याच विद्येची पदवी हवी; म्हणजे पुन्हा पहिल्या वर्षापासून आरंभ!

मग वळावे काय? आम्ही एवढेच सांगू : अर्ज लिहिण्यापूर्वी एखाद्या उपचारकेंद्रात जाऊन बसावे. पक्षाघाताने वाचा गेलेल्या गृहस्थाला ‘पाणी’ हा एक शब्द उच्चारायला कधी महिनेही लागतात. तेवढी वाट पाहणे ज्याला जड वाटणार नाही, त्याने खुशाल अर्ज करावा.