व्यसनमुक्त विद्यार्थ्याची परतीची वाट



व्यसन सुटणे ही एक गोष्ट आणि सुटलेले व्यसन पुन्हा न जडणे ही दुसरी. पहिलीसाठी डॉक्टर व उपचार केंद्रे आहेत. दुसरीचा भार महाविद्यालय, घर आणि गाव यांच्यावर पडतो.

ब्राउन शुगर अर्थात 'गर्द'ने तरुणांना ग्रासले, त्या काळात डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात 'मुक्तांगण' सुरू केले. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांचे मोलाचे साहाय्य त्यास लाभले. अशा केंद्रांतील वास्तव्य काही आठवड्यांचे असते. सांभाळ मात्र वर्षानुवर्षांचा असतो.

उपचार घेऊन परतलेल्या विद्यार्थ्यापुढे तीच खोली, तेच सोबती, तीच टपरी असते. हजेरी बुडालेली असते आणि 'गर्दुल्ला' हा शिक्का बसलेला असतो. लाज, एकटेपणा व रिकामा वेळ त्याला पुन्हा मागे ओढतात. गर्दच्या बाबतीत येथे जिवाचाच प्रश्न आहे. खंडानंतर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. पूर्वीचीच मात्रा प्राणघातक ठरू शकते. म्हणून पाय घसरलेल्या विद्यार्थ्यास हाकलून न देता त्वरित उपचारांकडे नेणे अगत्याचे आहे.

अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठाने अशा विद्यार्थ्यांसाठी १९८८ मध्ये स्वतंत्र निवासाची सोय केली. आपल्याकडे आरंभ याहून साधा असू शकतो. विश्वासू प्राध्यापकाची दर आठवड्याची भेट, निर्व्यसनी सहनिवासी, बुडालेला अभ्यास भरून काढण्याची संधी आणि मदतगटाच्या सभेसाठी मोकळी सायंकाळ, एवढे कोणत्याही महाविद्यालयास जमण्यासारखे आहे. त्याची माहिती गुप्त राखणे, ही मात्र पहिली अट होय.

कायद्यानेही दार उघडे ठेवले आहे. अंमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या अधिनियमातील कलम ६४-अ नुसार, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाशी संबंधित गुन्हा असलेल्या व्यसनाधीन व्यक्तीने स्वेच्छेने मान्यताप्राप्त संस्थेत उपचार पूर्ण केल्यास तिला खटल्यापासून संरक्षण मिळते. १४४४६ या राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांकावर विनामूल्य मार्गदर्शन मिळते.

सुटीत हा मुलगा गावी येतो. तेथे चावडीवर त्याची चर्चा होण्याऐवजी त्याच्या हाती वाचनालयाचे वा क्रीडामंडळाचे काम सोपविले, तर त्याच्या दिवसाला आकार येईल. उपचार केंद्राने त्याला उभे केले आहे. त्याला चालते ठेवण्याची जबाबदारी आता आपणा सर्वांची आहे.