ताप उतरला म्हणून परतू नका
(वडवणी येथील महिला मेळाव्यातील भाषण)



फडावरच्या एका आईने मला विचारलं, "ताई, पोरगी आता खेळतीया, जेवतीया. मग पुन्हा ममईला कशाला जायचं?" पाच वर्षांच्या मुलीला रक्ताचा कॅन्सर होता. नवरा-बायको मिळून एक कोयता. आई गेली की कोयता अर्धा, उचल मात्र पुरी.

त्या आईला मी दोष देणार नाही. लहान मुलांत जास्त आढळणारा हा कॅन्सर पहिल्या महिनाभराच्या औषधांनी बहुधा दिसेनासा होतो, पण संपत नाही. म्हणून उपचार दोन-अडीच वर्षं चालतात. मध्येच सोडले तर आजार उलटतो. पुरे केले तर बरीच मुलं बरी होतात. त्या काळात साधा तापही अंगावर काढायचा नसतो.

आपल्या देशात या उपचारांना मुलींपेक्षा मुलगे कितीतरी जास्त आणले जातात. आजारात एवढा फरक नाही. फरक आपण करतो.

महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. मुंबईत परळला टाटा रुग्णालय १९४१ पासून आहे. सेंट ज्यूड संस्था २००६ पासून अशा कुटुंबांना मोफत राहायला जागा देते. पण धाकट्याला कोण सांभाळणार, मुकादमाला कोण थोपवणार, हे कुठल्याच योजनेत लिहिलेलं नाही.

ती आई गेली, कारण शेजारणीने धाकटा ठेवून घेतला. पुढच्या वेळी बापही मुलीजवळ बसू दे. आणि मुकादमाकडे आपण दहाजणी मिळून जाऊ.