उजेडाचा हिशेब

(कार्यकर्त्यांच्या अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचा संक्षिप्त मजकूर.)



संयोजकांनी मला ‘समग्र वास्तुरचना आणि मानवी कल्याण’ असा भारदस्त विषय दिला आहे. मी वास्तुशिल्पी नाही. पस्तीस वर्षे मी अर्थशास्त्र शिकवले. इमारतींशी माझा संबंध म्हणाल तर गिरणगावातील एका चाळीत, एका खोलीत सात माणसांत मी वाढलो, इतकाच. तेव्हा विषयाचे भारदस्त नाव बाजूला ठेवून मी एक साधा प्रश्न आपल्यापुढे ठेवतो. घराची किंमत मोजताना आपण नेमके काय मोजतो आणि काय मोजायचे सोडून देतो?

आरंभी माझी स्वतःची एक चूक कबूल केली पाहिजे. १९९५ साली मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनाची योजना आली, तेव्हा वर्गात फळ्यावर तिचे गणित मी मोठ्या हौसेने मांडीत असे. सरकारने तिजोरीतून पैसा घालायचा नाही. बिल्डरला वाढीव बांधकामाचा हक्क द्यायचा. त्याने बाजारात घरे विकून नफा मिळवायचा आणि त्या बदल्यात झोपडीवासीयांना २२५ चौरस फुटांचे घर फुकट द्यायचे. जमिनीच्या वाढत्या मूल्याचा एक वाटा गरिबाकडे वळवण्याची ही युक्ती मला देखणी वाटली. पुढे ते क्षेत्रफळ २६९ आणि नंतर ३०० चौरस फूट झाले. आम्ही अर्थशास्त्रज्ञ हा आकडा वाढला म्हणून समाधान मानीत राहिलो. या आकड्यात उजेड किती, हे मात्र मी कधी विचारले नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयातील एका निवृत्त शिपाईबंधूंच्या घरी जाण्याचा योग आला. झोपडीतून ते पुनर्वसनाच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायला गेले होते. दुपारचे बारा वाजले होते, बाहेर रणरणते ऊन होते आणि घरात दिवा जळत होता. खिडकी होती, पण हात लांब केला तर समोरच्या इमारतीला लागेल की काय असे वाटावे, इतकी ती इमारत जवळ होती. खालच्या बोळात कचरा साचत असल्यामुळे खिडकी बहुधा बंदच ठेवावी लागे. त्यांच्या सुनेवर क्षयरोगाचे उपचार चालू होते. ते मला म्हणाले, “सर, झोपडीत पत्रा तापायचा, पावसात गळायचं. इथं काही गळत नाही. पण तिथं दारात ऊन यायचं, इथं ते कधी आलंच नाही.”

मित्रहो, झोपडीचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. संडासाच्या रांगेत ज्यांनी पहाट घालवली नाही, त्यांनीच ते गावेत. त्या गृहस्थांनाही झोपडीत परत जायचे नव्हते. पण ‘इथं ऊन आलंच नाही’ हे त्यांचे वाक्य माझ्या फळ्यावरच्या गणितात कुठेच बसत नव्हते. ते तिथे का बसत नाही, याचा मी पुढे शोध घेऊ लागलो.

एकाच घराची ही गोष्ट नव्हती. ‘डॉक्टर्स फॉर यू’ ही संस्था आणि मुंबईची आयआयटी यांच्या सहभागाने गोवंडी-मानखुर्द भागातील लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजीपी या तीन वसाहतींचा अभ्यास झाला आणि २०१८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. पहिल्या दोन वसाहतींत इमारती एकमेकींना अगदी खेटून उभ्या आहेत. कित्येक ठिकाणी मधले अंतर जेमतेम ३ मीटर. तिथे क्षयरोगाचे प्रमाण जास्त आढळले आणि त्यातही उजेड-वारा न पोहोचणाऱ्या खालच्या मजल्यांवर ते अधिक होते. पीएमजीपीत इमारतींची मांडणी त्यामानाने मोकळी आहे आणि तिथे हे प्रमाण पुष्कळच कमी होते. शहर तेच, उत्पन्नाचा स्तर जवळपास तोच. फरक मुख्यतः भिंतींमधल्या अंतराचा. क्षयाचे जंतू हवेतून पसरतात. सूर्यप्रकाशात ते मरतात आणि वाहत्या हवेत विरळ होतात. वैद्यकाला हे शंभर वर्षांपूर्वीही ठाऊक होते.

वास्तुशिल्पींनाही ते ठाऊक होते. क्षयावर औषध नव्हते त्या काळात इमारत हेच औषध होते. फिनलंडमधील पाइमियो येथील आरोग्यधाम १९३३ साली पुरे झाले. त्याची रचना करताना आल्वार आल्टो याने उभ्या माणसाऐवजी अंथरुणावर पडलेला माणूस मध्यभागी मानला. छताचा रंग पडून राहणाऱ्याच्या डोळ्यांना सुखद असावा, उन्हात बसण्यासाठी सज्जे असावेत, इतकेच काय, हात धुताना पाण्याचा आवाज होऊन शेजारच्या खाटेवरील रुग्णाची झोप मोडू नये, अशा बेताने त्याने खोलीतील पात्राचा आकार ठरवला. समग्र वास्तुरचना म्हणजे काय, याची याहून सोपी व्याख्या मला सापडलेली नाही. जो तिथे राहणार त्याच्या जागी बसून विचार करणे, एवढाच तिचा अर्थ.

परंतु हे जाणण्यासाठी फिनलंडला जाण्याचीही गरज नव्हती. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. या ट्रस्टने गरिबांची जितकी घरे पाडली तितकी बांधली नाहीत. त्याचे गुणगान मी करणार नाही. पण त्याच्या अभियंत्यांनी एक नियम पुढे आणला, साडेत्रेसष्ट अंशांचा. घराच्या तळाशी उभे राहून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे पाहिले, तर दृष्टीची रेषा जमिनीशी याहून मोठा कोन करता कामा नये. सोप्या भाषेत सांगायचे तर समोरची इमारत जितकी उंच, त्याच्या निम्मे तरी अंतर मधे मोकळे हवे. आता सात मजल्यांच्या, सुमारे २१ मीटर उंचीच्या दोन इमारती घ्या. या नियमाने त्यांच्यात साडेदहा मीटर अंतर हवे. आपण ३ मीटर ठेवले. परक्या सरकारने प्लेगच्या भीतीने जे मान्य केले, ते आपल्या सरकारने कल्याणाच्या नावाखाली सोडून दिले.

हे का घडले? याचे उत्तर अर्थशास्त्रात आहे. योजनेचे सारे गणित विक्रीच्या घरांवर उभे आहे. म्हणून पुनर्वसनाच्या इमारती जमिनीच्या जितक्या लहान तुकड्यावर कोंबता येतील, तितकी जमीन विक्रीसाठी मोकळी होते. मोकळ्या राहिलेल्या प्रत्येक मीटरला बाजारात भाव आहे. दुसऱ्या मजल्यावर पडणाऱ्या उन्हाला भाव नाही. ज्याला भाव नाही ते हिशेबातून गळते. म्हणजे ‘फुकट घर’ हा शब्दप्रयोगच खोटा आहे. गरिबाने त्या घराची किंमत मोजली आहे. फक्त ती रुपयांत न देता उजेडात दिली आहे. पुढे ती रुपयांतही द्यावी लागते. दिवसा जळणाऱ्या दिव्याचे बिल आहे. क्षयाचे औषध सरकार मोफत देते. पण सहा महिन्यांच्या उपचारात बुडालेली मजुरी कोणी भरून देत नाही. बिल्डरचा वाचलेला खर्च रहिवाशाच्या आणि सरकारी रुग्णालयाच्या माथी जातो. खर्च नाहीसा होत नाही, तो फक्त वहीचे पान बदलतो.

यावर नेहमीचा आक्षेप असा की, चांगली घरे महाग पडतात आणि गरीब देशाला ती परवडत नाहीत. या आक्षेपाला केरळमध्ये पन्नास वर्षांपूर्वीच उत्तर मिळाले आहे. पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या कामात सहभागी असलेले अर्थशास्त्रज्ञ के. एन. राज यांनी अच्युत मेनन यांच्या सरकारच्या पाठबळाने तिरुअनंतपुरममध्ये ‘सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज’ ही संस्था उभी केली. तिच्या इमारतींचे काम त्यांनी लॉरी बेकर यांच्याकडे सोपवले. बर्मिंगहॅममध्ये १९१७ साली जन्मलेला हा क्वेकर पंथीय माणूस कुष्ठरुग्णांच्या कामासाठी भारतात आला आणि इथलाच होऊन २००७ मध्ये तिरुअनंतपुरममध्येच निवर्तला. घर आसपासच्या पाच मैलांत मिळणाऱ्या साहित्यातून बांधावे, हा गांधीजींचा विचार आपल्या कामाचा आधार आहे असे ते सांगत.

बेकर यांची करामत पाहा. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या ठेवून त्यांनी भिंतीच्या पोटात पोकळी राखली. त्यामुळे सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात आणि पोकळीतल्या हवेमुळे घर थंड राहते. स्लॅबच्या खालच्या भागात जिथे काँक्रीटचे काही काम नसते, तिथे त्यांनी मंगळुरी कौले घातली. सिमेंट आणि पोलाद वाचले. खिडक्यांच्या जागी विटांचीच जाळी केली. वारा येतो, उजेड येतो, आडोसाही राहतो. गिलावा टाळला. झाड तोडण्याऐवजी भिंत वळवली. प्रचलित दरांहून कमी खर्चात इमारती उभ्या राहिल्या आणि त्या आजही वापरात आहेत. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, या पद्धतीत खर्चाचा मोठा वाटा कारखान्यातल्या सिमेंट-पोलादाकडे न जाता गवंड्याच्या हाताकडे जातो. पुढे १९८५ मध्ये मेनन, राज आणि बेकर यांच्या पुढाकारातून ‘कॉस्टफोर्ड’ ही संस्था निघाली, ती ही विद्या सामान्यांच्या घरांपर्यंत नेण्यासाठीच.

‘मुंबई म्हणजे तिरुअनंतपुरम नव्हे’, असे आपण म्हणाल. मान्य आहे. बेकरांच्या बैठ्या घरांची नक्कल इथे होणार नाही. जागा कमी आहे, हेही खरे. पण जागेची टंचाई सर्वांना सारखी भासत नाही. त्याच भूखंडावर विक्रीच्या मनोऱ्याला चारही बाजूंनी ऊन मिळते, बाग मिळते, गाड्यांना स्वतंत्र मजले मिळतात. टंचाई निसर्गाची असती तर ती दोन्हीकडे सारखी दिसली असती. ती वाटपाची आहे आणि वाटपाचा प्रश्न हा राजकारणाचा प्रश्न असतो. अलीकडे श्रीमंतांच्या घरी देवघर कुठल्या दिशेला असावे हे सांगणारे वास्तुशास्त्रज्ञ पैसे घेऊन फिरतात. तीन मीटरवर भिंत असलेल्या घराला कुठलीच दिशा उरत नाही, हे मात्र कोणी सांगत नाही.

आणि दिशा केवळ उजेडाची नाही. चाळीच्या सामाईक गॅलरीत आमच्या आया धान्य निवडत, मुले अभ्यास करीत, कोण आजारी आहे हे न सांगता कळे. खोली लहान होती, पण घर गॅलरीपर्यंत पसरले होते. संपाच्या दिवसांत याच गॅलरीत वर्गणी जमली आणि याच गॅलरीत सभा झाल्या. अंधाऱ्या मार्गिकेच्या दोन्ही अंगांना बंद दारे असलेल्या इमारतीत शेजार टिकवणे किती अवघड आहे, हे तिथे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना मी सांगायला नको.

तेव्हा आपण काय करावे? माझ्या मते तीन गोष्टी. पुनर्वसनाच्या संमतिपत्रावर लोकांच्या सह्या होण्यापूर्वी क्षेत्रफळाबरोबर इमारतींमधले अंतर मागा, आराखडा मागा आणि मोजपट्टी घेऊन तो लोकांना जमिनीवर आखून दाखवा. दुसरे, सर्वांत खालच्या घरात दिवसा दिव्याविना वाचता आले पाहिजे, हा हक्क म्हणून नियमांत घालण्याची मागणी करा. साडेत्रेसष्ट अंशांचा नियम आपल्याजवळ तयार आहे. तिसरे, ज्या वसाहती उभ्या राहून गेल्या आहेत तिथल्या आजाराची, वीजबिलाची, बुडालेल्या मजुरीची नोंद घरोघर जाऊन करा. भाव नसलेल्या गोष्टी हिशेबात आणण्याचा दुसरा मार्ग मला माहीत नाही.

या नोंदीचे काम मी स्वतः गेल्या वर्षापासून त्या शिपाईबंधूंच्या इमारतीत करतो आहे. त्यांची सून आता बरी आहे. त्यांच्या घरात दुपारी बाराला दिवा मात्र अजून जळतो. पस्तीस वर्षे जो हिशेब मी फळ्यावर चुकवला, तो दुरुस्त करायला मला आपल्यासारख्या तरुण हातांची मदत हवी आहे. शिबिरानंतर ज्यांना वेळ असेल त्यांनी माझ्याबरोबर यावे. मोजपट्टी माझ्याजवळ आहे.