सातारकरांचे स्वागत



बालगुन्हेगारीचा अनुभव स्वतःच्या नातवंडांपलीकडे नसलेल्या मजसारख्या मनुष्यास अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी बालगुन्हेगारीविषयक परिषदेच्या आपणा प्रतिनिधींचे स्वागत करण्याचा मान लाभला, याचे कारण माझी विद्वत्ता नसून माझी फुरसत हे होय.

थोरल्या शाहू महाराजांचा १७०८ सालचा राज्याभिषेक पाहिलेल्या या नगरीचे गुणवर्णन मी आवरते घेतो. परंतु प्रतापसिंह महाराजांचे नाव घेतल्यावाचून सातारकराच्याने राहवत नाही. पेशव्यांच्या नजरकैदेत ज्यांचे तारुण्य गेले, मोकळे होताच ज्यांनी रस्ते बांधले, शाळा काढली, रोजनिशी लिहिली आणि १८३९ साली कंपनी सरकारने ज्यांना पदच्युत करून काशीस धाडले, त्या राजाच्या जुन्या राजवाड्यात पुढे सरकारी हायस्कूल भरू लागले.

त्याच्या पटावर ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर हे नाव चढले. मुंबईस गिरणीत नोकरी धरण्यासाठी भाड्याचे पैसे हवेत म्हणून या मुलाने शेजारी निजलेल्या आत्याच्या कमरेची पिशवी लांबविली, आणि कित्येक रात्रींच्या खटपटीनंतर हाती आलेल्या त्या पिशवीत अर्धा आणा निघाला! ओशाळून त्याने अभ्यास धरला, ही हकीकत खुद्द बाबासाहेबांनीच सांगितलेली. ती चोरी फौजदाराकडे गेली असती तर दफ्तरात एक उनाड पोर वाढले असते, एवढेच. आईवेगळ्या भाच्याला कुशीत घेणारी आत्या त्याला घरी होती. शाळेत मात्र त्याच्या वाट्याला कोपऱ्यातले तरट आले, हे शाळेचा अभिमान मिरविणाऱ्या आम्हीच बोलले पाहिजे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली येथे सर्व जातींच्या मुलांचे बोर्डिंग काढले, ते आमचे उशिराचे प्रायश्चित्त.

आता व्यवस्थेविषयी. आपली उतरण्याची सोय वर्गांत केली असून बाके हलविली आहेत, तरी फळ्यांवरची गणिते पुसावयाची राहिली. सतरंज्या अपुऱ्या पडल्या. ज्या घरांनी आपल्या अंगाखालच्या काढून दिल्या त्यांचे ऋण कसे फेडावे? मोती चौकातील हलवायांनी कंदी पेढे, पेठेतील अडत्यांनी तांदूळ व गूळ, आणि नाव न सांगण्याच्या अटीवर एका विधवा भगिनीने दोन्ही दिवसांचे दूध दिले. मंडपाचे कापड उसने आहे, त्यास पान खाऊन टेकू नये. ऊन पाणी पहाटे पाचपासून मिळेल, पण बंब दोनच आहेत; तेव्हा ज्येष्ठांना आधी जाऊ द्यावे, आणि स्वयंसेवक पोरे कोठे चुकली तर रागे मजवर भरावे.