रेणूंच्या चित्रकारांचं स्वागत



स्वागत समितीच्या वतीने मी या परिषदेला जमलेल्या जीवशास्त्रज्ञ व चित्रकार मित्रांचं मुंबईत स्वागत करतो. शोधपत्रिकांच्या मुखपृष्ठांचा विचार करायला हे शहर योग्यच आहे. इथल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६२ साली ओबेद सिद्दिकी यांनी रेणवीय जीवशास्त्राचं काम उभं केलं. त्याच संस्थेच्या भिंतींसाठी तिचे संस्थापक होमी भाभा भारतीय चित्रकारांची चित्रं निवडून घेत होते, आणि ते स्वतःही चित्रं काढत.

डीएनएची जगप्रसिद्ध आकृती २५ एप्रिल १९५३ च्या ‘नेचर’मध्ये छापून आली. ती काढली होती ओडील क्रिक यांनी. त्या डीएनएची रचना उलगडणाऱ्या फ्रान्सिस क्रिक यांच्या पत्नी, आणि शिक्षणाने चित्रकार. दोन पट्ट्या, आडव्या दांड्या, मधून एक उभी रेघ. ही निव्वळ आराखड्यासारखी आकृती आहे, हे खाली स्पष्ट लिहिलं होतं. आजच्या झगमगत्या मुखपृष्ठांवर असा प्रामाणिकपणा क्वचित दिसतो, याची मला खंत वाटते.

कारण रेणूच्या चित्रात रंगसुद्धा निवडावा लागतो. डीएनएची जाडी सुमारे दोन नॅनोमीटर, आणि दृश्य प्रकाशाची तरंगलांबी चारशे नॅनोमीटरच्या पुढची. एकट्या रेणूला डोळ्याला दिसेल असं रूप नाहीच. ते चित्रकार देतो. २०२० मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेतल्या अलिसा एकर्ट आणि डॅन हिगिन्स यांनी करड्या गोळ्यावर लाल काटे रंगवले, आणि साऱ्या जगाने करोना विषाणू तसाच मनात ठेवला. एवढी ताकद ज्या कामात आहे, त्याला सजावट म्हणणं मला मान्य नाही.

आकाराच्या बाबतीत मात्र मनमानी चालत नाही. आपल्या पेशींतल्या डीएनएचा नेहमीचा पीळ उजवा असतो: समोरून दिसणारा धागा डावीकडून उजवीकडे वर चढतो. मथळ्याला जागा हवी म्हणून मांडणीकाराने चित्र आरशासारखं उलटवलं, की पीळ डावा होतो. डाव्या पिळाचा झेड-डीएनए असतो, पण त्याची घडण वेगळी. उलटवलेलं चित्र म्हणजे झेड-डीएनए नव्हे. डीएनएच्या दोन खोबणींपैकी एक रुंद आणि एक अरुंद असते, तीही बऱ्याच चित्रांत सारखीच काढलेली दिसते.

चित्रकार अर्व्हिंग गाइस यांनी १९६१ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’साठी मायोग्लोबिन हे प्रथिन हाताने रंगवलं, तेव्हा त्याची रचना शोधणाऱ्या जॉन केंड्र्यू यांच्या मोजमापांतून अणूअणूची जागा ठरवत त्यांचे महिने गेले. जीवशास्त्रज्ञ आणि चित्रकार डेव्हिड गुडसेल जलरंगात पेशीचा अंतर्भाग काढतात. प्रथिनांची दाटी खरी वाटावी इतकी ते मांडतात, पण पाण्याचे रेणू गाळतात. नाहीतर बाकी काहीच दिसणार नाही. काय गाळायचं हे ठरवायला विषय आतून कळावा लागतो.

आपल्याकडे मात्र शोधनिबंध स्वीकारला गेल्याचं पत्र आल्यावर चित्रकाराची आठवण होते, आणि हातात दिवस उरतात मोजके. प्रकल्पाचा अर्ज लिहितानाच चित्रकाराचं नाव आणि त्याचं मानधन त्यात यावं, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. मुखपृष्ठाच्या ओळखीत रंग कल्पित आहेत का, काय वगळलं आहे, हेही छापलं जावं.

शेजारच्या दालनात चित्रं मांडली आहेत. प्रत्येक चित्राजवळ संशोधक आणि चित्रकार दोघेही उभे असतील. त्यांना मोकळेपणाने प्रश्न विचारा. आता मी अध्यक्षांना परिषदेचं उद्घाटन करण्याची विनंती करतो.